धीर धरायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

रविवारचा_बाक

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

सहनशीलतेवरचे उपदेश भरपूर ऐकले आहेत. कलस्सै ३:२ (वरच्या, म्हणजे स्वर्गातल्या गोष्टींकडे मन लावा) आणि २ करिंथ ४:१८ (जे दिसत नाही ते सार्वकालिक आहे) पाठ आहेत. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. रविवारी दुपारपर्यंत जे लख्ख दिसतं ते सोमवारी लोकल, ऑफिसचे मेसेज, मुलांची परीक्षा आणि घराचा हप्ता यांत कुठे जातं कळत नाही. "प्रार्थना करा" यापेक्षा बारीक उत्तर हवं आहे.

१. स्वर्गातल्या गोष्टींवर मन लावणं हा सराव असेल, तर त्याला किती वेळ द्यायचा, केव्हा, आणि काय वाचून?
२. फोन सोडता येत नाही, कामच त्यावर चालतं. मग करायचं काय?
३. नोकरी, लग्न, कोर्टातली जमीन अशा गोष्टींसाठी वर्षानुवर्षं वाट पाहताना धीर कुठे संपतो आणि हातावर हात ठेवून बसणं कुठे सुरू होतं?
४. "धीर मागू नकोस, मागितलास तर देव संकट पाठवेल" असं आमच्या मंडळीत हसत हसत म्हणतात. यात काही तथ्य आहे का?

---

नगरवाला

चौथा आधी घेतो, कारण तो गैरसमज पुढचं सगळं बिघडवतो. कलस्सै १:११ मध्ये प्रेषित पौल कलस्सैच्या मंडळीसाठी धीर आणि सहनशीलताच मागतो, तीही आनंदासह. तेव्हा मागायला अजिबात हरकत नाही. रोम ५:३-४ मध्ये संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील आणि त्यातून आशा असा क्रम आहे. पण संकट मागणीमुळे येतं असं तिथे म्हटलेलं नाही. न मागणाऱ्याच्या घरीही ते येतंच. हा विनोद ऐकून लोक धीर मागणंच सोडतात, हा त्याचा खरा तोटा.

आता पहिला आणि दुसरा. पेरणाऱ्याच्या दाखल्यातली काट्यांची जमीन लूक ८:१४ मध्ये सावकाश वाचा. खडकावरचं बी वाळून जातं. काट्यांतलं मात्र उगवतं, उभंही राहतं, फक्त त्याचं फळ पक्व होत नाही. काटे कोणते तेही येशूच सांगतो: चिंता, धन आणि संसारातली सुखं. लगेच पुढच्या वचनात चांगल्या जमिनीबद्दल म्हटलं आहे की ती धीराने फळ देते. मन फाटणं आणि धीर न टिकणं हे लूकने असं शेजारीशेजारी ठेवलं आहे. आणि काट्यांची जमीन निकृष्ट होती असं वचन म्हणत नाही. तिथे गर्दी होती.

म्हणून नवं काही वाढवू नका. आणखी एक ॲप, आणखी एक प्रार्थनेचा ग्रुप, जेवताना यूट्यूबवर आणखी एक उपदेश, याने गर्दीच वाढते. पहिला आठवडा फक्त नोंद करा. रात्री वहीत तीन रकाने आखा: चिंता, पैसा, करमणूक. दिवसभरात मन कशाने खाल्लं ते प्रत्येकात एका ओळीत लिहा. फोनचा आकडा अंदाजाने लिहू नका. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये "डिजिटल वेलबीइंग", आयफोनवर "स्क्रीन टाइम" उघडून खरा आकडा घ्या. कामाचे ॲप वगळून रोजचे तीन तास निघाले तर वर्षाचे १,०९५ तास होतात, म्हणजे रात्रंदिवस धरून ४५ दिवसांहून थोडे जास्त.

आठवड्याच्या शेवटी तिन्ही रकान्यांतलं सगळ्यात मोठं एकच निवडा आणि तेवढंच ४० दिवस बंद ठेवा. बहुतेकांचं इथेच फसतं. पहिल्याच सोमवारी पहाटे चारला उठणं, उपास, रोज तीन अध्याय आणि फोनबंदी असं सगळं एकदम ठरवतात; गुरुवारपर्यंत चारही सुटलेलं असतं आणि वर अपराधीपणा उरतो.

त्यानंतर रोजची २५ मिनिटं. दोन-तीन मिनिटं नुसतं गप्प बसा. दहा मिनिटं वाचन, त्यात तोच भाग एकदा मोठ्याने. पाच मिनिटं वहीत, उरलेला वेळ प्रार्थना. वाचायला पेत्राचं पहिलं पत्र घ्या. पाच अध्याय, १०५ वचनं. रोज सात घेतली तर १५ दिवसांत पुरं होतं आणि महिन्यात दोनदा वाचून होतं. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथे पांगलेल्या विश्वासी लोकांना ते लिहिलेलं आहे. त्यांना परदेशी म्हणून राहावं लागत होतं, आणि मालक कठोर असेल तर काय, नवरा विश्वासी नसेल तर काय, लोक टिंगल करतात तेव्हा काय, असे प्रश्न त्यात थेट घेतले आहेत. १:४ मधलं कधी न कोमेजणारं वतन आणि २:१८ मधला जाचक मालक एकाच पत्रात सापडतात. तुमच्या सोमवारला तेच हवं आहे.

वाचलेल्यातली एक ओळ पोस्टकार्डाच्या चतकोर तुकड्यावर लिहून खिशात ठेवा. ती बघण्याच्या वेळा घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा: गाडीत चढण्यापूर्वी, डबा उघडण्यापूर्वी, ऑफिसातून निघताना. घड्याळाचा गजर आपण बंद करतो. डबा उघडायचा विसरत नाही.

काय बिघडतं तेही सांगतो. फोनवर वाचाल तर चौथ्या वचनाला बँकेचा मेसेज येईल, म्हणून छापील शास्त्र घ्या. नसेलच तर फोन विमान मोडवर टाका. मध्येच "गॅस बुक करायचाय" आठवेल, तेव्हा त्याच्याशी झगडू नका, शेजारच्या कागदावर लिहून परत या. अंथरुणात बसून केलंत तर झोप लागेल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी १४ वचनं करू नका, सातच करा. उधारी चढायला लागली की माणूस वहीच उघडत नाही.

---

पापडीकर

नगरवाल्यांचं सकाळचं पटलं, पण धीर सकाळी क्वचितच सुटतो. तो सुटतो भर दुपारी, आणि ही गोष्ट आपल्याकडे सोळाशे वर्षांपूर्वी नोंदलेली आहे. इव्हाग्रियस हा इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी, मृत्यू इ. स. ३९९. त्याने एकांतवासीयांना छळणाऱ्या दुष्ट विचारांची यादी केली, त्यातला एक ग्रीकमध्ये "अकेडिया". कंटाळा, उबग आणि जागा सोडून पळण्याची ओढ यांचं ते मिश्रण. याचा हल्ला दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्यापर्यंत होतो असं तो सांगतो, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन. जेवण नवव्या तासाला, तीनच्या सुमारास. मग सूर्य हलतच नाही असं वाटू लागतं. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, कोणी भाऊबंद भेटायला येतोय का म्हणून बाहेर डोकावतो, ही जागाच वाईट, हे कामच वाईट, दुसरीकडे गेलो तर बरं होईल असं त्याला वाटतं. त्या खिडकीच्या जागी व्हॉट्सॲप ठेवा, वर्णनातला एक शब्दही बदलावा लागणार नाही.

त्याचा उपाय कंटाळवाणा आहे: खोली सोडू नये. आणि आलेल्या विचाराला शास्त्रातलं एक छोटं वचन उत्तर म्हणून मोठ्याने द्यावं. ऑफिसात हे असं बसवता येतं. हात फोनकडे गेला की हातातलं काम त्याच्या सर्वात जवळच्या टोकापर्यंत न्यायचं, मेल असेल तर "पाठवा"पर्यंत, तक्ता असेल तर त्या ओळीच्या शेवटापर्यंत, आणि मग फोन बघायचा. पूर्ण बंदी नको, फक्त क्रम उलटा करायचा. वचन म्हणून स्तोत्र ३७:७ पुरेसं आहे. परमेश्वरापुढे शांत राहा आणि त्याची वाट पाहा, एवढाच त्याचा आशय.

रात्री दहा-बारा मिनिटांची आत्मपरीक्षा करा. संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या पाच पायऱ्या: आभार मानणं, प्रकाश मागणं, उठल्यापासूनचा दिवस तासातासाने पाहणं, क्षमा मागणं, उद्यासाठी निश्चय. धीरासाठी करायची तर तिसऱ्या पायरीत दोनच गोष्टी पाहा: मी घाई कुठे केली, आणि त्या घाईची किंमत कोणी मोजली. बहुतेकदा उत्तर घरातलंच कोणी असतं.

त्यांचीच आणखी एक पद्धत आहे. एका वेळी एकच दोष घ्यायचा. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसाची रेघ. दुपारी आणि रात्री, जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्या रेघेवर. मग आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. उपवासकाळात हे सुरू करणं सोपं जातं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून ४० दिवस मिळतात आणि घरातल्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक धोका आहे. स्वभावाने हळव्या माणसाला ठिपक्यांचंच वेड लागतं. दिवसभर "आता ठिपका पडला का" हेच चालतं आणि देवाकडे बघायचं राहून जातं. तसं जाणवलं तर कागद फाडून टाका, पहिली पायरी, म्हणजे आभार, तेवढीच ठेवा आणि पापनिवेदनाच्या वेळी फादरना सांगा.

---

शिलोह

तिसऱ्या प्रश्नासाठी यिर्मयाचे २८ आणि २९ हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा. वेगवेगळे वाचले तर हाती काही लागत नाही.

राजा यखन्या आणि यरुशलेमचे कितीतरी लोक बाबेलला बंदिवासात गेलेले आहेत. मागे राहिलेल्यांपुढे मंदिरात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि सांगतो, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील, मंदिरातली भांडीसुद्धा. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो सगळ्यांसमोर मोडतो. लोकांना कोण आवडलं असेल हे सांगायला नको. यिर्मया बंदिवानांना पत्र लिहितो त्यात सत्तर वर्षं म्हणतो. घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलं आहे त्याचं कल्याण चाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो; त्याचं भाकीत पाचव्या महिन्यातलं होतं.

अधीरपणा नेहमी स्वभावातून येत नाही. कोणीतरी चुकीची मुदत सांगितलेली असते आणि आपण ती देवाची म्हणून धरून बसलेलो असतो. "या महिन्यात तुमची बंद दारं उघडतील" असे फॉरवर्ड रोज येतात, ते हनन्याचेच. वर्षअखेरीच्या रात्री उपासनेत वचनाची चिठ्ठी काढतात तिथे यिर्मया २९:११ हमखास असतं, हिताच्या संकल्पांचं. त्याच्या आधीच्या, दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत, ते चिठ्ठीवर कोणी छापत नाही. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय अकरावं कोणाला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीची वाट बघणाऱ्या मुलाच्या हातात नुसतं अकरावं दिलं की मार्चपर्यंत त्याचा विश्वास डळमळतो, आणि दोष त्याच्यावरच येतो.

आता करायचं काय. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "माझ्या हातात", उजवीकडे "माझ्या हातात नाही". कोर्टातली जमीन धरू. डावीकडे येईल: सातबारा आणि फेरफाराच्या प्रती काढून ठेवणं, वकिलांना पुढची तारीख विचारणं, त्या तारखेला हजर राहणं, भावाशी बोलणं तुटू न देणं. उजवीकडे: निकाल, न्यायाधीशांची बदली, समोरच्याची नियत. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे दिवस लिहा. उजवीकडच्या ओळी फक्त प्रार्थनेत घ्यायच्या, आणि दिवसातून एकदाच; रात्री दोनला पुन्हा काढून चघळायच्या नाहीत. डावी बाजू महिनाभर तशीच पडून राहिली तर त्याला धीर म्हणू नका, ती चालढकल आहे. उजव्या बाजूला तुम्ही हात घालू लागलात, म्हणजे ओळखीने दबाव, पैसे चारणं, खोटं प्रतिज्ञापत्र, तर समजा की धीर सुटला.

आणि दर तीन महिन्यांनी मागणीच तपासा. २ करिंथ १२:८ मध्ये पौल शरीरातल्या काट्याविषयी तीनदा विनंती करतो, आणि मिळालेलं उत्तर मागणीपेक्षा वेगळं असतं. चौथ्यांदा मागितल्याचा उल्लेख नाही. तेच शब्द दहा वर्षं उच्चारत राहायलाच हवेत असं नाही. एखादी मागणी बदलू शकते, एखादी सोडूनही देता येते.

---

रविवारचा_बाक

मनापासून आभार. यिर्मयाचं दहावं वचन या नजरेने कधी वाचलं नव्हतं.

दोन शंका उरल्या. एक: "सार्वकालिकाकडे बघा" हे सांगून लोकांना गप्प बसवलं जातं. पगार थकला, धीर धर. नवरा मारतो, धीर धर, स्वर्गात मुकुट मिळेल. याला काय म्हणायचं? दोन: स्वर्गाचा विचार करा म्हणतात, पण डोळे मिटल्यावर नेमका कशाचा विचार करायचा? ढग दिसतात, पुढे काही नाही.

---

इब्री_दहा

पहिली शंका महत्त्वाची आहे आणि तिचं उत्तर धीरावरच्या सगळ्यात प्रसिद्ध उताऱ्यातच आहे. याकोब ५:७ पासून वाचतात म्हणून ते निसटतं. पहिल्या वचनापासून वाचा. चौथ्या वचनात शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. आधी मालकाला खडसावणं, मग मजुराला धीर, हा याकोबाचा क्रम. नियमशास्त्रात तर मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायची आज्ञा आहे (अनुवाद २४:१५). तेव्हा थकलेल्या पगारासाठी लेखी मागणी करणं, हजेरी आणि बँकेचे कागद जपणं, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार देणं यात अविश्वास काही नाही. धीर तिथे लागतो जिथे तक्रार देऊन आठ महिने झाले आणि तरी मालकाच्या मुलाबद्दल तुम्ही वाईट चिंतत नाही.

त्याच उताऱ्यात शेतकरी येतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा. आपल्या डोळ्यांपुढे जूनचा मृग येतो आणि चित्र चुकतं. तिथला पाऊस हिवाळ्यातला. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतो, त्याने उन्हाळ्यात टणक झालेली जमीन नांगरण्याजोगी होते आणि पेरणी होते. शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, त्यावर दाणा भरतो. मधले महिने तो शेतात राबत असतो. पावसावर तेवढा त्याचा हात चालत नाही. शिलोह यांच्या दोन रकान्यांसारखंच.

अकराव्या वचनात धीराचं उदाहरण म्हणून ईयोब येतो. त्याचं पुस्तक उघडून पाहा, तिसऱ्या अध्यायापासून तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आहे, देवाला जाब विचारतो आहे, मित्रांवर चिडतो आहे. तरी शेवटी ४२:७ मध्ये देव त्या उपदेश करणाऱ्या मित्रांवर रागावतो आणि माझ्याविषयी ईयोब यथार्थ बोलला म्हणतो. तक्रार देवाकडे नेणं हा धीराचाच भाग आहे. सरावाला स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" चार वेळा, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. "कोठवर"च्या जागी आपापली गोष्ट नाव घेऊन घाला. आणि पाचव्या वचनाला मन तयार नसेल तर तिथपर्यंत ओढत नेऊ नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे.

मारहाणीबद्दल. पौलाने छड्या खाल्ल्या, पण रोमी नागरिकाला चौकशीशिवाय मारलं म्हणून फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं (प्रे. कृत्ये १६:३७). यरुशलेमला चाबकासाठी बांधलं तेव्हा मार पडण्याआधीच हक्क सांगितला (२२:२५). कैसरियात दोन वर्षं कोठडीत राहिला. सुभेदार फेलिक्स लाच मिळेल या आशेने त्याला वारंवार बोलावत होता. पौलाने लाच दिली नाही, आणि वेळ आल्यावर कैसराकडे दाद मागितली (२४:२६-२७, २५:११). धीर आणि अपील त्याच्यात एकत्र नांदतात. म्हणून घरात मार खाणाऱ्या बाईला पाळकाने किंवा वडीलमंडळींनी द्यायचा पहिला सल्ला सुरक्षित जागा हा असला पाहिजे. महिलांसाठी १८१, तातडीची पोलीस मदत ११२, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. मुकुटाच्या गोष्टी तिला सांगण्याचा अधिकार मार न खाणाऱ्यांना नाही.

उलट बाजूही बघा. प्रभू येणारच म्हणून कामधंदा सोडून बसलेल्यांना २ थेस्सल ३:१०-१२ मध्ये पौल शांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगतो. आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांसाठी शेती, विणकाम, छापखाना असं सगळं उभं केलं, आणि त्याच गडबडीत हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबलाचा मराठी अनुवाद वर्षानुवर्षं चालवला. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. अनुवाद त्याआधी हातावेगळा झाला होता, छापून आला तो नंतर.

---

पापडीकर

दुसऱ्या शंकेवर. ढगच दिसणार, कारण आपण चित्रापासून सुरुवात करतो. रिचर्ड बॅक्स्टर हा इंग्लंडमधला प्युरिटन पाळक, म्हणजे आमच्या कॅथलिक बाजूचा नव्हेच. पण या बाबतीत त्याच्याइतका व्यवहारी मला दुसरा कोणी माहीत नाही. मरणाच्या दारात आहोत असं वाटण्याइतक्या आजारपणात त्याने स्वर्गातल्या विश्रांतीवर पुस्तक लिहायला घेतलं, ते १६५० मध्ये प्रसिद्ध झालं. तो म्हणतो, ठरलेली वेळ, एकांत जागा, आणि मग आपल्याच जिवाशी बोलायचं, त्याला पटवायचं, रागवायचंसुद्धा. सुरुवात हाताशी असलेल्या गोष्टीपासून करायची. जे इथे गोड लागतं ते घ्यायचं आणि देणाऱ्यापर्यंत चढत जायचं.

म्हणजे असं. आज कुठली गोष्ट मनापासून आवडली? दिवसभराच्या पायपिटीनंतर मिळालेली खुर्ची, समजा. पहिला टप्पा: ही विश्रांती किती वेळ टिकली, कशाने मोडली? दुसरा: न मोडणाऱ्या विश्रांतीबद्दल इब्री ४:९-११ काय सांगतं? तिसरा: ती खरी असेल तर उद्याचं कोणतं एक काम मी वेगळ्या तऱ्हेने करीन? तिसरा टप्पा गाळलात तर ते दिवास्वप्न होतं. मोजून दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, झेपेल तसं पुढे वाढवा. बॅक्स्टरला संध्याकाळ मानवायची. इसहाकही संध्याकाळीच चिंतनाला शेतात गेला होता (उत्पत्ती २४:६३). तुम्हाला संध्याकाळ म्हणजे चर्चगेटची गर्दी असेल तर जेवणाची सुट्टी चालेल.

विषय हवेत तर: १ करिंथ १५ (५८ वचनं, आणि शेवटचं वचन कामावर येऊन थांबतं, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत म्हणून), रोम ८:१८-२५, प्रकटीकरण २१. आणि तुमच्या २ करिंथ ४:१८ च्या आधीचं वचन, ४:१७, वाचताना त्याच पत्राचा ११:२४-२५ शेजारी ठेवा. पाच वेळा एकोणचाळीस फटके, म्हणजे १९५. तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. "हलकं आणि क्षणिक" हे शब्द हा माणूस वापरतो.

---

नर्सताई

शिफ्टवाल्यांसाठी थोडं. २५ मिनिटं सलग मिळत नाहीत आणि नाईटनंतर डोकं चालत नाही. अशा आठवड्यात वाचन दोन-तीन वचनांवर आणा आणि प्रार्थना हातांशी जोडा. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळायला २० ते ३०. तेवढ्यात ज्या पेशंटकडे निघाला आहात त्याचं नाव आणि "प्रभू, धीर दे" एवढं बसतं. चिडखोर पेशंटच्या दाराशी हे सर्वात उपयोगी, कारण पुढची पाच मिनिटं कशी जाणार हे तिथेच ठरतं. घरी आजारी सासू-सासरे, आई-वडील सांभाळणाऱ्यांनाही हेच. त्यांना आठवड्यातून निदान अर्धा दिवस कोणी बदली माणूस मिळालाच पाहिजे, मंडळीने ती पाळी लावावी. झोप न मिळालेल्या माणसाला धीराचे वचन पाठवू नका, डबा पाठवा.

दुसरं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली आहे, कशातच रस नाही, जगणं नको वाटतं, अशी लक्षणं असतील तर त्याला अल्पविश्वास म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या, टेली-मानस १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला आधी भाकर-पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून पुन्हा खायला घालतो. देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगराला पोहोचल्यावर.

---

डोंबिवली_फास्ट

हे सगळं वाचूनच धीर सुटला. यातलं पहिलं एकच काय करू?

---

नगरवाला

आज रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा. सकाळी फोनला हात लावण्याआधी १ पेत्र १:१-७. ठिपके, रकाने, बॅक्स्टर सगळं महिनाभर बाजूला ठेवा.

हिशेब आधीच सांगून ठेवतो, नाहीतर १६ तारखेला प्रश्न येईल. सात-सातचे तुकडे अध्यायाच्या सीमेवर जुळत नाहीत, काही वेळा वाक्य मध्येच तुटेल. तिथे एक-दोन वचनं पुढेमागे करा, पण दुसऱ्या दिवशी भरपाई करून १५ दिवसांत १०५ बसवा. १६ ला पुन्हा पहिल्यापासून. ३१ चा महिना असेल तर शेवटच्या दिवशी स्तोत्र ९० वाचा, सतरा वचनांचं आहे. फेब्रुवारीत दुसरी फेरी अपुरी राहील. ती तशीच सोडून १ मार्चला नव्याने सुरू करा.